दुसरं व्हायोलिन

मागच्या वर्षी गॅदरिंगच्या आठवड्यात क्विझ झाली होती, आठवतंय? एक प्रश्न आला, झुबिन मेहता कोण? तीन टीमनी एकदम बझर दाबला. जगप्रसिद्ध ऑर्केस्ट्रा संचालक! टाळ्या पडल्या. लगेच पुढचा प्रश्न, त्यांच्या वडिलांचं नाव काय आणि ते काय करायचे? हॉलमध्ये शांतता. एकाने अंदाजाने गिरणीमालक म्हणून सांगितलं, दुसऱ्याने डॉक्टर. प्रश्न पास होत होत शेवटी प्रेक्षकांकडे आला आणि आम्ही सगळे एकमेकांकडे बघत बसलो.

उत्तर होतं मेहली मेहता. व्हायोलिन वादक, ऑर्केस्ट्रा संचालक आणि शिक्षक.

ते नाव माझ्या डोक्यात का राहिलं, ते आधी सांगते. मी मूळची मारेगावची. आमच्याकडे संगीत म्हणजे भजनी मंडळ, गणपतीतला बँड आणि लग्नातला डीजे. पण मी शिकले कॉन्व्हेंटमध्ये. तिथे एक जुना पियानो होता. पावसाळ्यात त्याच्या चार-पाच पट्ट्या दाबल्या की वर यायचं नावच घेत नसत. सिस्टर त्याच्यावर आमची प्रार्थनेची गाणी बसवायच्या. मुलींचे दोन भाग असायचे. पहिला आवाज म्हणजे चाल म्हणणाऱ्या. दुसरा आवाज म्हणजे त्याच वेळी खालच्या, वेगळ्या सुरांत म्हणणाऱ्या. मी सलग सहा वर्षं दुसऱ्या आवाजात होते. कार्यक्रमाला आई-बाबा यायचे आणि परत येताना बाबा हमखास विचारायचे की तू खरंच गात होतीस की नुसतं तोंड हलवत होतीस. त्यांचंही चूक नाही. ऐकणाऱ्याला चाल ऐकू येते, खालचा सूर कोणाच्या लक्षात येतो?

क्विझनंतर मेहली मेहतांबद्दल जमेल तेवढं वाचत गेले आणि एका ठिकाणी थबकले. मुंबईत स्वतःचा ऑर्केस्ट्रा उभा केलेला हा माणूस वयाच्या पन्नाशीनंतर अमेरिकेत पाच वर्षं दुसरं व्हायोलिन वाजवत होता. म्हणजे माझ्या भाषेत, दुसरा आवाज! मग मात्र त्यांची पूर्ण गोष्ट माहीत करून घेतल्याशिवाय राहवलं नाही. तीच इथे सांगते.

मेहली मेहता यांचा जन्म २५ सप्टेंबर १९०८ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. त्या काळच्या मुंबईत पाश्चात्त्य संगीत होतं, पण तुकड्या-तुकड्यांत. लष्कराचे बँड होते, चर्चमधले ऑर्गन होते, मोठ्या हॉटेलांत संध्याकाळी वाजणारे छोटे वाद्यवृंद होते आणि ज्यांना परवडायचं त्यांच्या घरी ग्रामोफोनच्या तबकड्या होत्या. मधूनमधून एखादा मोठा परदेशी कलाकार बोटीने यायचा, एक-दोन कार्यक्रम करून निघून जायचा. पण पद्धतशीर शिकायचं म्हटलं तर चांगले शिक्षक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मेहली व्हायोलिनच्या प्रेमात पडले. याशा हायफेट्झ हा त्या वेळचा व्हायोलिनचा बादशहा त्यांचा आदर्श होता. मुंबई विद्यापीठात त्यांचं शिक्षण झालं आणि १९२९ साली त्यांनी लंडनच्या ट्रिनिटी कॉलेज ऑफ म्युझिकची लायसन्शिएट ही पदवी मिळवली. पण वाद्यावर हात बसवला तो बराचसा स्वतःच्या मेहनतीने.

हे किती कठीण आहे ते आपल्या भाषेत सांगते. व्हायोलिनला चार तारा असतात. शेजारच्या दोन तारांच्या कंपनसंख्येचं प्रमाण ३:२, म्हणजे आपला षड्ज-पंचम. एक तार ४४० हर्ट्झला लावली की वरची ६६० हर्ट्झच्या आसपास येते. इथपर्यंत फिजिक्स सोपं आहे. गंमत पुढे आहे. गिटारला पडदे असतात, पियानोला आणि पेटीला पट्ट्या असतात, म्हणजे बोट ठेवलं की सूर मिळणारच. व्हायोलिनला यातलं काहीच नाही. बोट मिलिमीटरभर इकडेतिकडे झालं की सूर गेलाच. ते चुकलंय हे आधी कानाला कळावं लागतं आणि तो कान तयार करायला शेजारी कोणीतरी जाणकार लागतो. त्यातून मुंबईची दमट हवा. लाकूड फुगतं, सरस सुटतो, खुंट्या अडकतात. (आमच्या शाळेच्या पियानोचं दुखणं मला आता कळलं!) अशा परिस्थितीत हा मुलगा रोज तासन्‌तास वाजवत राहिला आणि तयार झाला.

तयार झाला खरा, पण वाजवणार कुठे? एकट्या व्हायोलिनवर किती दिवस काढणार? बेथोव्हेन, ब्राह्म्स यांच्या मोठ्या रचना साठ-सत्तर लोकांशिवाय उभ्याच राहत नाहीत. असा ऑर्केस्ट्रा जवळ नव्हता. मग १९३५ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी मेहलींनी तो स्वतःच उभा केला. त्याचं नाव बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा.

यात माणसं कोण होती ते बघा. शहरातले हौशी पारशी वादक. गोव्याहून आलेले ख्रिश्चन वादक, जे गावच्या चर्चच्या शाळेतच नोटेशन वाचायला शिकलेले असायचे आणि मुंबईत हॉटेलांत व सिनेमाच्या स्टुडिओत वाजवून पोट भरायचे. (अमर अकबर अँथनी सिनेमातलं अँथनी गोन्साल्विस हे नाव याच पिढीतल्या एका गोवेकर व्हायोलिन शिक्षकाचं आहे. संगीतकार प्यारेलाल त्यांचे शिष्य.) हिटलरच्या छळातून जीव वाचवून मुंबईला पोचलेले युरोपातले ज्यू. आणि तोंडाने फुंकायच्या वाद्यांसाठी थेट नौदलाच्या बँडमधले जवान! कोणी दिवसभर ऑफिसात, कोणी रेकॉर्डिंगला, कोणी परेडला. सगळ्यांना एका वेळी एका खोलीत आणायचं म्हणजे काय दिव्य असेल, हे गॅदरिंगची प्रॅक्टिस घेणाऱ्या कुठल्याही कल्चरल सेक्रेटरीला विचारा.

या ऑर्केस्ट्रात मेहली सुमारे दहा वर्षं कॉन्सर्टमास्टर होते. म्हणजे व्हायोलिनवाल्यांच्या पहिल्या रांगेतली पहिली खुर्ची. कार्यक्रमाआधी सगळी वाद्यं एका सुरात लावून घेणं, व्हायोलिनच्या सगळ्या गजांची हालचाल एकाच दिशेने होईल हे बघणं, संचालकाच्या मनात काय आहे ते आपल्या वादनातून मागच्या तीस लोकांपर्यंत पोचवणं, हे त्याचं काम. पुढची दहा-एक वर्षं ते स्वतः संचालक, म्हणजे कंडक्टर झाले. कंडक्टर म्हटलं की आपल्याला एसटीतला आठवतो, पण हाही तसाच समजा. गाडी तो चालवत नाही, पण कुठे थांबायचं आणि कधी निघायचं ते त्याच्या हातात. स्टेजवरच्या सगळ्या लोकांत आवाज न करणारा हा एकटाच.

दरम्यान संसारही सुरू होता. पत्नी तेहमिना. १९३६ साली मोठा मुलगा झुबिन झाला, १९३८ साली धाकटा झरीन. १९४० साली मेहलींनी बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट नावाची चौकडी काढली. दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो. चौकडीला मोठा हॉल लागत नाही, दिवाणखाना पुरतो. त्यामुळे झुबिन आणि झरीन ही दोन पोरं अक्षरशः वाद्यांच्या आवाजात वाढली.

आता इथपर्यंतची गोष्ट ऐकून कोणालाही वाटेल की माणूस सेट झाला. स्वतःचा ऑर्केस्ट्रा, पहिली खुर्ची, शहरात नाव. पण १९४५ साली, महायुद्ध संपलं त्या वर्षी, मेहली घर, बायको आणि दोन लहान मुलं मुंबईत ठेवून न्यूयॉर्कला गेले. कशाला? तर व्हायोलिन शिकायला! त्यांचे गुरू इव्हान गालामियन यांचा जन्म १९०३ सालचा, म्हणजे शिष्यापेक्षा जेमतेम पाच वर्षांनी मोठे. या गालामियन यांच्याकडे पुढे इट्झाक पर्लमन आणि पिंकस झुकरमन यांच्यासारखे वादक घडले, ते लहानपणीच त्यांच्याकडे आले होते. मेहली आले तेव्हा छत्तीस-सदतीस वर्षांचे होते. गज कसा धरायचा, मनगट किती वळवायचं इथपासून स्वतःला तपासून घेताना त्यांना काय वाटलं असेल? आपल्याला एक बॅक विषय पुन्हा द्यायचा तर ज्युनिअरसोबत बसायची लाज वाटते.

या काळाची किंमत घरच्यांनीही मोजली, हे विसरून चालणार नाही. काही वर्षं मुलांना वडील दिसले नाहीत. तेहमिनाबाईंनी घर एकटीने सांभाळलं. थोरांच्या चरित्रात ही बाजू एका वाक्यात उरकतात. आमच्याकडे कितीतरी घरांत बाप कामासाठी पुण्या-मुंबईला आणि आई गावात एकटी, असं असतं. त्यामुळे ते एक वाक्य किती लांब असतं ते मला माहीत आहे.

शिकून मेहली मुंबईला परत आले आणि पुन्हा कामाला लागले. १९५२ साली थोर व्हायोलिन वादक येहुदी मेन्यूहिन मदतनिधीसाठी कार्यक्रम करायला भारतात आले, तेव्हा मुंबईत त्यांना साथ केली ती मेहलींच्या ऑर्केस्ट्राने. झुबिन तेव्हा सोळा वर्षांचे. वडिलांच्या तालमी बघत, पियानोवर साथ करत, कधी वडिलांऐवजी उभं राहून तालीम घेत त्यांचं शिक्षण चाललं होतं. तरीही घरच्यांनी त्यांना पाठवलं कुठे? सेंट झेवियर्स कॉलेजात, सायन्सला, डॉक्टर व्हायला! यात ढोंग नव्हतं. पाश्चात्त्य संगीतावर भारतात पोट भरत नाही, हे मेहलींइतकं कोणाला माहीत असणार? झुबिन दोनेक वर्षांत सायन्सला रामराम ठोकून १९५४ साली व्हिएन्नाला संगीत शिकायला गेले, आणि घरच्यांनी जाऊ दिलं. आपल्या हॉस्टेलवर या विषयावर रात्रभर चर्चा होऊ शकते, म्हणून मी इथेच थांबते.

पुढच्याच वर्षी, १९५५ साली, मेहली आणि तेहमिना यांनीही मुंबई सोडली. स्वातंत्र्यानंतर इंग्रज निघून गेले होते, त्यांच्यासोबत श्रोते आणि बँडवालेही पांगले होते. वीस वर्षं राबून उभ्या केलेल्या ऑर्केस्ट्राला ना पगाराची सोय होती, ना कोणाचा कायमचा आधार. मेहलींच्या जाण्यानंतर तो फार काळ टिकला नाही. पगारी वादकांचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा मुंबईला मिळायला २००६ साल उजाडलं. तो एनसीपीएने सुरू केलेला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया.

मेहली गेले ते इंग्लंडमधल्या मँचेस्टरला. आता मँचेस्टर म्हटलं की तुम्हाला फुटबॉल आठवेल, पण आमच्या आबाजींच्या पिढीला मँचेस्टर म्हणजे कापूस! १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस बंद पडला आणि तिथल्या गिरण्यांनी आपल्या वऱ्हाडच्या कापसाकडे धाव घेतली. इंग्रजांच्या काळात आपला यवतमाळ जिल्हा बरीच वर्षं वणी जिल्हा म्हणून ओळखला जायचा. मारेगावच्या पलीकडच्या त्याच वणीच्या नावाने. इथल्या काळ्या मातीतली पऱ्हाटी, तिच्या गाठी मुंबईच्या बंदरातून बोटीवर आणि तिथून मँचेस्टरच्या चात्यांवर. त्या पैशातून मँचेस्टरला जे जे उभं राहिलं, त्यात एक ऑर्केस्ट्राही होता. त्याचं नाव हॅले ऑर्केस्ट्रा.

त्याच्या संस्थापकाबद्दल दोन शब्द सांगितलेच पाहिजेत, कारण तो माणूस जणू मेहलींचा शंभर वर्षं आधीचा भाऊ. चार्ल्स हॅले यांचा जन्म १८१९ साली जर्मनीतल्या हागेन गावी झाला. पियानो वादक म्हणून त्यांनी पॅरिसमध्ये नाव कमावलं, शोपँ आणि लिस्ट यांच्या वर्तुळात वावरले. १८४८ च्या क्रांतीत पॅरिसमध्ये सगळं विस्कटलं, तेव्हा इंग्लंडला आले आणि मँचेस्टरला स्थिरावले. गावात धड ऑर्केस्ट्रा नाही म्हणून १८५८ साली स्वतःच काढला आणि मरेपर्यंत त्याचं संचालन केलं. बेथोव्हेनचे बत्तीसच्या बत्तीस पियानो सोनाटा इंग्लंडमध्ये ओळीने कार्यक्रम करून वाजवणारे ते पहिले. १८९३ साली रॉयल मँचेस्टर कॉलेज ऑफ म्युझिक निघालं, त्याचे पहिले प्राचार्यही तेच. १८९५ साली ते गेले. वाजवणं, संचालन आणि शिकवणं, तिन्ही एकाच माणसात. परक्या गावी जाऊन, नसलेली गोष्ट उभी करून.

१९५५ साली त्या ऑर्केस्ट्राचे संचालक होते सर जॉन बार्बिरोली. महायुद्धात, १९४३ साली, ते न्यूयॉर्कहून मँचेस्टरला आले तेव्हा निम्मे वादकही उरले नव्हते. मिळेल तिथून, अगदी शाळकरी मुलांतूनसुद्धा, माणसं गोळा करून त्यांनी तो काही आठवड्यांत पुन्हा उभा केला होता. अशा माणसाला मुंबईहून आलेल्या या सत्तेचाळीस वर्षांच्या गृहस्थाची किंमत कळली असणार. मेहलींना तिथे जागा मिळाली असिस्टंट कॉन्सर्टमास्टरची. पहिली खुर्ची नाही, तिच्या शेजारची.

इथे एक गंमत आहे. ऑर्केस्ट्रातले व्हायोलिनवाले दोघांत एक स्टँड घेऊन बसतात, दोघांत एकच वही. पान संपलं की उलटायचं कोणी? प्रथेप्रमाणे आतल्या बाजूला बसणाऱ्याने. बाहेरचा वाजवत राहतो, आतला झटकन हात काढून पान उलटतो आणि पुन्हा वाजवू लागतो. पहिल्या स्टँडवर हे काम असिस्टंटच्या वाट्याला येतं. म्हणजे ज्याने मुंबईत वीस वर्षं अख्खा ऑर्केस्ट्रा हाकला, तो आता शेजाऱ्याची पानं उलटणार! पण त्या खुर्चीत मेहलींना ते मिळालं जे मुंबईत कधीच मिळालं नव्हतं. रोज, पूर्ण वेळ, पगार घेऊन, उत्तम लोकांच्या मधोमध बसून वाजवणं. १९५८ साली मँचेस्टरपासून पन्नासेक किलोमीटरवर, लिव्हरपूलला, संचालकांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली आणि ती जिंकली बावीस वर्षांच्या झुबिनने. मुलाचं नाव आता बापाच्या पुढे निघालं होतं.

१९५९ साली मेहली अमेरिकेला, फिलाडेल्फियाला गेले आणि कर्टिस स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये दाखल झाले. हेच ते दुसरं व्हायोलिन. नाव दुसरं असलं तरी वाद्य तेच, तारा त्याच. फरक कामात असतो. पहिलं व्हायोलिन बहुतेक वेळा चाल घेऊन वर जातं. चेलो खालचा पाया धरतो. मधली जागा दुसऱ्या व्हायोलिनने आणि व्हायोलाने भरायची. कधी पहिल्याच्या एक पायरी खाली राहून त्याच्या सुराला वजन द्यायचं, कधी बारीक लयीत ठेका धरून ठेवायचा, कधी चालीचा एखादा तुकडा पहिल्याकडून घेऊन खाली पोचवायचा. हे स्ट्रक्चरसारखं आहे. इमारतीकडे बघताना आपण दर्शनी भाग बघतो, आतले बीम कोणी मोजत नाही. पण ते काढा बघू! चांगल्या दुसऱ्या व्हायोलिनला चारही जणांचं सगळं पाठ असावं लागतं, कारण त्याला सतत दुसऱ्याचं ऐकूनच वाजवायचं असतं.

मला वाटतं, मेहलींमधला शिक्षक खरा इथे पूर्ण झाला. पहिल्या खुर्चीवरून हुकूम देता येतो. दुसऱ्या खुर्चीवर ऐकायला शिकावं लागतं. आणि जो विद्यार्थ्याचं ऐकू शकत नाही, तो शिकवणार काय?

१९६४ साली, छप्पन्नाव्या वर्षी, ते लॉस एंजेलिसला आले. झुबिन १९६२ पासून तिथल्या फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राचे संगीत संचालक होते. मेहलींनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत, म्हणजे यूसीएलएमध्ये, ऑर्केस्ट्रा विभागाची सूत्रं हाती घेतली आणि १९७६ पर्यंत ती सांभाळली. आणि त्याच १९६४ साली त्यांनी आयुष्यातला दुसरा ऑर्केस्ट्रा उभा केला, अमेरिकन यूथ सिम्फनी.

कल्पना साधी होती. संगीत शिकलेला तरुण एकट्याने कितीही चांगला वाजवत असला, तरी नोकरी लागते ऑर्केस्ट्रात, आणि तिथे शंभर जणांत वाजवायचा अनुभव मागतात. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही. प्लेसमेंटच्या रांगेत उभं राहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको! मेहलींनी या दोन्हींच्या मध्ये पूल बांधला. निवड परीक्षा कडक, पण फी नाही. तालमी खऱ्या व्यावसायिक ऑर्केस्ट्रासारख्या, निवडलेल्या रचना मोठ्या आणि अवघड. कार्यक्रम यूसीएलएच्या रॉइस हॉलमध्ये आणि श्रोत्यांना प्रवेश मोफत. इथून तयार झालेले कितीतरी वादक पुढे अमेरिकेतल्या मोठमोठ्या ऑर्केस्ट्रांत जाऊन बसले. मुंबईत नौदलाचे जवान आणि हॉटेलातले वादक जमवणारा माणूस आता वीस-बावीस वर्षांची पोरं जमवत होता. फरक एवढाच की मुंबईत त्याला स्वतःला वाजवायचं होतं म्हणून ऑर्केस्ट्रा हवा होता. इथे पोरांना हवा होता.

हे काम त्यांनी तेहतीस हंगाम केलं. १९९८ साली निवृत्त झाले तेव्हा ते नव्वदीच्या उंबरठ्यावर होते. आपल्याकडे सरकारी नोकर अठ्ठावन्नाव्या वर्षी नारळ आणि शाल घेऊन घरी येतो. मेहलींचं सर्वात मोठं काम छप्पन्नाव्या वर्षी सुरू झालं! धाकटे झरीन चार्टर्ड अकाउंटंट झाले, पण तेही शेवटी संगीताकडेच वळले आणि न्यूयॉर्क फिलहार्मोनिकसारख्या संस्थेचे व्यवस्थापक प्रमुख झाले. १९९५ साली मुंबईत मेहलींच्या नावाने मेहली मेहता म्युझिक फाउंडेशन सुरू झालं, मुलांना पाश्चात्त्य संगीत शिकवायला. जिथे लहानपणी त्यांना पुरेसे शिक्षक मिळाले नव्हते, त्याच शहरात. १९ ऑक्टोबर २००२ रोजी, वयाच्या ९४ व्या वर्षी मेहली मेहता गेले.

२००८ साली त्यांची जन्मशताब्दी होती. झुबिन इस्रायल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा घेऊन मुंबईला आले आणि वडिलांच्या स्मरणार्थ कार्यक्रम केले.

एक गोष्ट सांगायची राहिली आणि ती लपवणं बरोबर नाही. मेहलींचा पहिला ऑर्केस्ट्रा टिकला नाही हे वर आलंच. दुसराही टिकला नाही. अमेरिकन यूथ सिम्फनी २०२४ साली पैशांअभावी बंद झाला. म्हणजे हिशोब मांडला तर दोन ऑर्केस्ट्रा काढले, दोन्ही आज नाहीत. स्वतःचं नाव मुलाच्या नावाखाली झाकलं गेलं. क्विझमध्ये कोणाला उत्तर येईना. मग या माणसाने कमावलं काय?

मी बरेच दिवस यावर विचार केला. मग शाळेतली एक गोष्ट आठवली. एकदा पहिल्या आवाजातल्या मुली तापाने आजारी पडल्या आणि सिस्टरनी आम्हा दुसऱ्या आवाजवाल्यांना चाल म्हणायला सांगितलं. आम्हाला ती आधीपासून येत होती, कारण सहा वर्षं आम्ही ती ऐकूनच गात होतो. पण खाली दुसरा आवाज धरायला कोणी उरलं नाही. गाणं झालं, पण पोकळ वाटलं. त्या दिवशी बाबासुद्धा म्हणाले की आज काहीतरी कमी होतं. काय कमी होतं ते त्यांना सांगता आलं नाही.

मेहलींकडे शिकलेले वादक आता आपापल्या खुर्च्यांवर बसून वाजवत असतील, त्यांतले काही पुढच्यांना शिकवत असतील. त्यांच्या गजाच्या एखाद्या वळणात गालामियनकडे छत्तिसाव्या वर्षी शिकायला गेलेला मुंबईचा माणूस असेल. ते कुठल्या पाटीवर लिहिलेलं नसतं.

यंदाच्या गॅदरिंगला स्वागतगीतासाठी नावं घेतली तेव्हा मला पुढे उभं राहायला सांगत होते. मी फर्स्ट इयरच्या दोन मुलींना चाल शिकवली आणि स्वतः दुसरा आवाज घेतला. बाबा मारेगावहून येणार आहेत. परत जाताना ते नेहमीचा प्रश्न विचारतील. विचारू देत.

— तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी